कालव्याच्या कडेनं एक दिवस

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त झालेल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मला या मेळाव्यासाठी ‘स्त्रिया आणि प्रवासाची साधनं’ असा विषय दिला होता. मी तयारीला बसले. बस किती, रिक्षाचं भाडं किती, कामाची ठिकाणं किती लांब, असं लिहायला लागले आणि मध्येच थांबले. वाटलं, हे सगळं आपण एकमेकींना पुष्कळदा सांगितलंय. त्यापेक्षा मी एका दिवसाबद्दल बोलते. त्या दिवशी आम्ही अकराजणी एका सायकल क्लबबरोबर मुठा उजव्या कालव्याच्या कडेनं हडपसरहून उरुळी कांचनपर्यंत गेलो. त्या दिवसात माझी एक चूक झाली. तीही सांगणार आहे, कारण अशी चूक तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या हातून होत असणार.

आधी कालव्याविषयी. खडकवासल्याच्या धरणातून हा कालवा निघतो. धरण इंग्रजांच्या काळातलं, एकोणिसाव्या शतकातलं. कालवा पर्वतीच्या पायथ्याशी येतो, स्वारगेटजवळून हडपसरला जातो आणि तिथून फुरसुंगी, लोणी काळभोर, उरुळी, यवत करत दौंड-इंदापूरकडे. म्हणजे पाणी पुण्याच्या पोटातून जातं आणि पुढं उसाला, गव्हाला मिळतं. शहराला प्यायला किती आणि खालच्या शेतीला किती, यावरचा वाद आपण पेपरात वाचतोच.

मी ज्या वस्तीत काम करते ती दांडेकर पुलाच्या बाजूची. २७ सप्टेंबर २०१८ ला सकाळी अकराच्या सुमाराला या कालव्याची भिंत फुटली आणि पाणी वस्तीत शिरलं. पाऊस नव्हता, नदीला पूर नव्हता, तरी घरांत कमरेएवढं पाणी. पुढं कारणं सांगितली गेली, त्यात उंदीर, घुशी आणि खेकड्यांचंही नाव आलं. ते ऐकून आमच्या वस्तीतली एक आजी म्हणाली, “खेकड्यानं घर नेलं म्हणायचं, म्हंजे कुणाला जाब विचारायला नको.”

त्या वेळी वस्तीतल्या बहुतेक बायका कामावर होत्या. कुणी धुणीभांडी, कुणी पोळ्या, कुणी दवाखान्यात आया. फोन आले तेव्हा रस्ते तुंबलेले, बस जागच्या जागी. एक बाई चार किलोमीटर धावत आली, कारण घरात तिची धाकटी मुलगी एकटी होती. मुलगी शेजाऱ्यांनी माळ्यावर चढवलेली, सुखरूप होती. पण ती बाई मला नंतर म्हणाली, “ताई, त्या दिवशी माझ्याकडं सायकल असती तर!” मी म्हटलं, येते का चालवायला? ती म्हणाली, “भावाची बघत आले, हात कधी लावला नाही.”

तिथून आमचा सायकलवर्ग सुरू झाला. रविवारी सकाळी सहा ते आठ, शाळेच्या मैदानावर. जुन्या बाजारातून तीन साध्या सायकली घेतल्या, पुढं वाढवल्या. सर्वांत लहान एकोणीस वर्षांची, सर्वांत मोठी बावन्न वर्षांची. कुणाची साडी चेनमध्ये, कुणाची ओढणी. गुडघे फुटले. पण तीन-चार महिन्यांत अकराजणी रस्त्यावर चालवू लागल्या. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. नर्स, शिक्षिका, कॉलेजच्या मुली सायकलवरून जायच्या. आमच्या बावन्न वर्षांच्या बाई म्हणाल्या, “मी लहान असताना या रस्त्यानं बामणाच्या पोरी सायकलवर जाताना बघायची. मला वाटायचं, सायकल ही त्यांचीच असती.” सायकलीलासुद्धा जात असते, हे मी त्या दिवशी शिकले.

मग एका सायकल क्लबची माहिती कळली. इंजिनिअर, डॉक्टर, व्यापारी अशी मंडळी महिन्यातून एकदा दिवसभराची सहल काढायची. जानेवारी २०२० ची सहल कालव्याच्या कडेनं होती. मी त्यांना भेटले आणि विचारलं, आमच्या अकराजणी आल्या तर चालेल का? ते चांगली माणसं. लगेच हो म्हणाले. चार हेल्मेटं दिली. सायकली गाडीतळापर्यंत न्यायला टेम्पोही केला. फक्त एक म्हणाले, “तुमच्या बायकांना झेपेल ना? नाहीतर टेम्पो मागं ठेवूच.”

आता तयारीतली पहिली अडचण. रविवार. आपल्याला वाटतं रविवार म्हणजे सुट्टी. घरकाम करणाऱ्या बाईला रविवारी जास्त काम, कारण मालकीणबाईंचं सगळं घर त्या दिवशी घरात असतं. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली आला. तरी आठवड्याची एक हक्काची सुट्टी अजून प्रत्येकीला मागूनच घ्यावी लागते. सुट्टी मागताना काय सांगायचं? लग्न आहे, मयत आहे, पोर आजारी आहे. “मला फिरायला जायचंय” असं एकीनंही सांगितलं नाही. अकराजणींच्या मिळून त्या दिवशी तीन सासवा आजारी होत्या आणि दोन मावश्या वारल्या होत्या. आम्ही खूप हसलो. आता आठवलं की हसू येत नाही.

दुसरी अडचण घरची. आमच्यातली एक, तिच्या परवानगीनं सांगते, नाव सांगत नाही, एका दवाखान्यात आया आहे. तिचा नवरा वाईट नाही, दारू पीत नाही. पण “काम असेल तिथं जा, नाहीतर घरात” एवढं त्याचं शास्त्र. ती म्हणाली, “ताई, घरी काय सांगू?” मी क्षणभरही विचार केला नाही. मी म्हटलं, “सांग, संस्थेची मीटिंग आहे.”

मैत्रिणींनो, ही माझी चूक. तिच्याकडं परत येते.

सकाळी साडेसहाला गाडीतळाहून निघालो. जानेवारीची थंडी, तोंडातून वाफ येत होती. शहर सोडून कालव्याच्या भरावावर आलो तेव्हा उजाडलं होतं. रब्बीचं आवर्तन चालू होतं, कालवा काठोकाठ. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, मध्ये मातीचा रस्ता. वरून दिसतं तसं ते पाणी शांत नसतं. अस्तराच्या उतारावर शेवाळ असतं, पाय घसरला की धरायला काही सापडत नाही. आम्ही आधीच ठरवलं होतं की काहीही झालं तरी कुणी पाण्यात उतरायचं नाही. तरी दोन-तीन ठिकाणी बायका काठावर धुणं धूत होत्या. त्यांना कुणी विचारलं होतं, कुठं उतरायचं ते? धुणं घरी होईल एवढं पाणी नळाला नाही, म्हणून त्या रोज जीव काठावर ठेवून धुतात.

क्लबची गियरच्या सायकलीवाली मंडळी पुढं गेली. आम्ही मागं. पहिल्या तासात दोनदा निरोप आला, “बायकांना टेम्पोत बसवा, वेळ वाचेल.” आमच्या बावन्न वर्षांच्या बाईंनी सायकल उभी केली आणि त्या पोराला म्हणाल्या, “वेळ वाचवून काय करणार दादा? आज वेळ घालवायलाच आलोय.” तो निरुत्तर झाला. मग क्लबचे दोघं-तिघं आपणहून आमच्याबरोबर मागं राहिले, हेही सांगायला हवं.

पुढं एक गंमत झाली. कालव्याच्या कडेला बाभळी. बाभळीच्या काट्याला महागडी सायकल ओळखू येत नाही. लोणीच्या अलीकडं चार सायकली पंक्चर झाल्या. त्यातल्या तीन क्लबच्या, बारीक टायरांच्या. त्यांच्याजवळच्या जादा ट्यूब संपल्या. आमच्यातली पोळ्या करणारी बाई पुढं झाली. तिच्या वडलांचं गावाकडं पंक्चरचं दुकान होतं. तिनं चमच्याच्या मागच्या बाजूनं टायर सोडवला, डब्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवली, बुडबुडा पकडला, ट्यूब घासून पॅच बसवला. चारही सायकली तासाभरात चालू. एका डॉक्टरांनी विचारलं, “तुम्हाला कुणी शिकवलं?” ती म्हणाली, “शिकवलं भावाला. मी नुसतं पाणी आणून द्यायची.” पाणी आणून देताना किती बायका किती काय शिकलेल्या असतात, आणि ते कुठल्या सर्टिफिकेटावर येतं?

आणखी एक सांगते, कारण सहल काढणाऱ्या प्रत्येकीला ते उपयोगी पडेल. क्लबच्या नकाशात चहाची ठिकाणं होती, पंक्चरची दुकानं होती, दवाखाना होता. संडास कुठं आहे, हे नव्हतं. पुरुषांना तो प्रश्नच पडला नव्हता. आमच्या बायका पहाटेपासून पाणी न पिता निघाल्या होत्या, सवयीनं. दहा वाजता दोघींची डोकी दुखायला लागली. मग आम्ही कालव्यालगतच्या एका वस्तीवर गेलो आणि सरळ विचारलं. तिथल्या सुनेनं संडास दाखवला, वर गुळाचा चहा दिला. बायकांची सहल काढायची तर आधी ही जागा ठरवा, मग चहाची.

त्या वस्तीवर सासू होती. पासष्टीची असेल. अंगणात शेंगा निवडत होती. आम्हांला बघून म्हणाली, “कसली रॅली म्हणायची?”

“रॅली नाही आजी.”

“मग झेंडा कुठाय?”

“झेंडा नाही.”

“मग कशाला निघालाय उन्हातान्हाचं?”

आमच्यातली एकोणीस वर्षांची पोर पटकन बोलून गेली, “फिरायला.”

आजी हसायला लागल्या. “असं पण असतंय व्हय? बायका नुसत्या फिरायला?” मग हसू ओसरलं आणि त्यांनी आम्हांला विचारलं, “हे पाणी कुठनं येतं, तिकडं तुम्ही ऱ्हाता का?” आम्ही म्हटलं, हो, आमच्या घरामागूनच. त्या म्हणाल्या, “चाळीस वर्सं झाली या घरात येऊन. रातच्याला पाण्याची पाळी आली की मालकासंगं मीच दारं धरायची. आता पोरासंगं. पण हे पाणी निघतं कुठनं, ते काय बघितलं नाय.” खडकवासला तिथून फार तर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आमच्या बायकांनी तरी कुठं बघितलं होतं, की जे पाणी २०१८ साली त्यांच्या घरात शिरून भांडीकुंडी घेऊन गेलं, ते एरवी जातं कुठं? एक जण म्हणाली, “हे बघा, आमचं घर बुडवलं ते पाणी तुमच्या उसाला.” आजी म्हणाल्या, “आणि तुमच्याकडं फुटलं की हिकडं पाळी चुकती बाई.” एकाच पाण्याच्या दोन टोकांच्या बायका त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकींना भेटल्या.

मी आजींना विचारलं, पाण्याचा अर्ज कुणाच्या नावानं? म्हणाल्या, पोराच्या. जमीन त्याच्या नावावर. २००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्था आल्या, पण तिथलं सभासदत्व जमिनीला जोडलेलं. सातबारावर नाव नाही तर पाण्याच्या बैठकीला जागा नाही. चांदवडच्या १९८६ च्या अधिवेशनापासून शेतकरी बायकांच्या जमिनीच्या हक्काची चर्चा आपण करतोय. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ साली केली, देशानं २००५ साली. कायदा अंगणापर्यंत आलाय. पण रात्री दारं धरणारी बाई अजून अर्जावर नाही.

दुपारी उरुळीला पोचलो. झाडाखाली भाकरी सोडल्या. जेवण झाल्यावर आमच्यातली ती दवाखान्यातली बाई आडवी झाली आणि झोपली. भर दुपारी, उघड्यावर, डोक्याखाली हेल्मेट घेऊन. तासभर. उठली तेव्हा म्हणाली, “लग्नानंतर दुपारची पहिल्यांदा झोपले. कुणी हाक मारली नाही.” मला या सहलीचा अहवाल लिहायचा होता. एम. एस. डब्ल्यू. करताना आम्हांला शिकवतात, उद्दिष्ट लिहा, कार्यपद्धती लिहा, परिणाम लिहा. मी उद्दिष्ट लिहिलं होतं, ‘वंचित गटातील महिलांमध्ये आत्मविश्वास निर्माण करणे’. ‘एक बाई तासभर झोपली’ हे कुठल्या रकान्यात बसवायचं?

आता माझी चूक. हडपसरला एका पंपावर तिच्या नवऱ्याचा पुतण्या कामाला होता. त्यानं तिला सकाळीच बघितलं. संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सासू म्हणाली, “मीटिंगला टोपडं घालून सायकलवर जातात व्हय?” नवऱ्यानं हात उचलला. सायकलचं पुढचं चाक त्यानं दगडानं वाकडं केलं. ती वर्गाला यायची बंद झाली.

मी तिच्या घरी गेले. हात उचलल्याबद्दल त्याला बोलले, पोलिसांचा, कायद्याचा रस्ता सांगितला. त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, “ते माझं चुकलं. पण ताई, तुम्ही समाजसेवा करता आणि बायकांना खोटं बोलायला शिकवता?” मारहाणीला कसलंही कारण पुरेसं नसतं, हे मी त्याला सांगितलं. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. खोटं बोलून मी तिला संरक्षण दिलं असं मला वाटलं होतं. खरं तर मी त्याचंच शास्त्र मान्य केलं होतं. काम असेल तरच बाईनं बाहेर जायचं, तेव्हा काम नसेल तर कामाचं नाव घे, असं मीच तिला सांगितलं. आणि सापडली तेव्हा मार तिला बसला, मला नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. बस बंद. दवाखान्यात आयाचं काम चालूच, उलट वाढलेलं. पगार बुडायला लागला तेव्हा त्याच नवऱ्यानं ते चाक स्वतः दुरुस्त करून आणलं. चेनला तेलही घातलं. ती रोज सायकलवरून कामावर जायला लागली. मला वाटलं, चला, शेवट गोड झाला. तिला फोन केला. ती म्हणाली, “ताई, सायकल कामाला चालती. मला फिरायला नाही चालत अजून.”

हे वाक्य मी आज तुमच्यापुढं ठेवायला आले आहे.

आपण जरा मागं वळून बघू. १९९१ साली तमिळनाडूच्या पुदुकोट्टईत साक्षरता मोहिमेत बायकांना सायकल शिकवायचं ठरलं. तिथल्या जिल्हाधिकारी शीलाराणी चुंकत यांनी पुढाकार घेतला. हेतू होता, साक्षरतेच्या कार्यकर्त्या गावोगाव पोचाव्यात. पण एकदा सायकल हातात आल्यावर शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, नर्स, शिक्षिका अशा हजारो बायका शिकल्या. १९९२ च्या ८ मार्चला त्यांनी सायकलींची मिरवणूक काढली. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले, मुली शाळेत टिकू लागल्या. हे सगळं मोलाचं आहे. पण प्रत्येक ठिकाणी बाईच्या सायकलीला कारण जोडलेलं आहे. साक्षरता, शाळा, नोकरी, पाणी, दवाखाना. पुरुषाच्या सायकलीला कुणी कारण विचारत नाही. तो पारावर बसतो, नाक्यावर उभा राहतो, कालव्यावर फिरायला जातो. त्याचा प्रस्ताव कुणी मागत नाही.

आज ज्यांची जयंती आहे त्या सावित्रीबाई शाळेत शिकवायला जाताना रस्त्यात शेण-दगड झेलत गेल्या. त्यांच्याकडं तर केवढं मोठं कारण होतं. तरी रस्ता त्यांना सोडला नाही. म्हणजे कारण मोठं असलं की वाट मोकळी होते, असंही नाही. मग कारणांच्या मागं आपण किती दिवस लपायचं?

आमच्या वस्तीत आम्ही यावर दोन बैठका घेतल्या. मी माझी चूक सगळ्यांसमोर मान्य केली. काही जणींनी मला विरोधही केला. एक म्हणाली, “ताई, तुम्हाला खरं बोलणं परवडतं. आम्हाला मार परवडत नाही.” तिचं बरोबर होतं. त्यामुळं खरं बोलाच, असा नियम आम्ही केला नाही. ठरलं एवढंच. संस्था यापुढं कुणाच्या वतीनं खोटं सांगणार नाही. सहलीच्या कागदावर ‘सहल’ असंच लिहायचं. ज्या बाईला घरी सांगायचंय तिच्याबरोबर दोघी-तिघी आधीच जाऊन बसतील. आणि नंतर काही झालं तर त्याच दोघी-तिघी रात्रीसुद्धा जातील.

२०२२ च्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा निघालो. या वेळी उलट दिशेनं, खडकवासल्याकडं, पाणी निघतं कुठून ते बघायला. आदल्या बुधवारी त्या बाईनं जेवताना घरात सांगितलं, “रविवारी मी फिरायला जाणार आहे. मीटिंग नाही.” दोन दिवस घरात कुणी बोललं नाही. शेजारच्या दोघी रोज संध्याकाळी तिच्या दारात येऊन बसत होत्या, नुसत्या, शेंगा सोलत. रविवारी पहाटे तिच्या मुलीनं भाकरी बांधून दिली. नवरा तोंड फिरवून झोपला होता, का झोपेचं सोंग होतं, तिला माहीत नाही. ती आली.

त्याचं मन बदललं, असं मी सांगणार नाही. अजूनही ती सहलीला निघाली की त्या दिवशी तो बोलत नाही. ती दर वेळी येतेच असंही नाही. पण येते तेव्हा खोटं न सांगता येते. धरणाच्या भिंतीकडं बघत ती मला म्हणाली, “त्या आजींना कळवायला पाहिजे, पाणी इथनं निघतं म्हणून.” आम्ही एकदा आजींना आणणार आहोत. त्यांना सायकल येत नाही, टेम्पोत बसवून आणू. टेम्पोचा तो खरा उपयोग.

तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या गटात परत गेलात की एक काम करा. नाही, काम म्हणत नाही. एक रविवार काढा. जवळचा कालवा, तळं, टेकडी काहीही. सायकलीनं जा, चालत जा, एसटीनं जा. कागदावर उद्दिष्ट लिहू नका. आणि रस्त्यात कुणी विचारलं, “कुठं निघालात?” तर सरळ मान वर करून सांगा, “फिरायला.”